बेडूक चिरणं बंद झालं, मग उघडून पाहणं का थांबलं?

अकरावीचे प्रवेश झाले की मराठवाड्यातल्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलगी सायन्सला गेलेली असते, बायोलॉजी घेतलेलं असतं आणि मामा विचारतात, "मग बेडूक कधी कापायचाय?" मुलगी म्हणते, "आता नसतंय ते." मोठ्यांना हे पटत नाही. त्यांना मेणाच्या ट्रेमध्ये चारही पाय टाचण्यांनी ताणून उताणा ठेवलेला बेडूक आठवतो. डोळ्यांत झोंबणारा फॉर्मेलिनचा वास आठवतो, परीक्षकांसमोर थरथरणारा हातही आठवतो. बेडूक न कापता ही पोरं डॉक्टर कशी होणार, ही त्यांची खरी काळजी असते.

लातूर, नांदेड, संभाजीनगरला हजारो मुलं वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी येऊन राहतात. त्या परीक्षेत 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात आणि प्रात्यक्षिकाचा एकही नसतो. त्यामुळे झुरळाच्या हृदयाला 13 कप्पे असतात हे झोपेतून उठवलं तरी सांगणारी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी कुठल्याच प्राण्याचं हृदय हातात घेतलेलं नसतं.

मी विज्ञान शिकवतो, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळा-कॉलेजात प्राणी मारणं बंद झालं, हे योग्यच झालं. पण त्याबरोबर उघडून पाहणंही बंद झालं आणि ते व्हायला नको होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

## विच्छेदन म्हणजे काय?

शरीराचा एखादा भाग ठरावीक क्रमाने उघडायचा, आतले अवयव न फाडता एकमेकांपासून सुटे करायचे आणि कोणता अवयव कशाला जोडलेला आहे ते पाहायचं, याला विच्छेदन म्हणतात. कापण्याचं काम त्यात थोडंच असतं. बराचसा वेळ चिमट्याने पातळ पडदे बाजूला सारण्यात जातो. चांगला विद्यार्थी सुरी कमी वापरतो आणि डोळे जास्त.

उघडायची वस्तू जिवंत प्राणी मारून मिळवलेली असली पाहिजे, असं या व्याख्येत कुठेही नाही. फूल उघडून बीजांड शोधणं हेसुद्धा विच्छेदनच. शवविच्छेदनात डॉक्टर आधीच मेलेल्या माणसाचं शरीर तपासतात. आपल्याकडे मात्र विच्छेदन म्हटलं की बेडूक, असं समीकरण बसलं. बेडूक गेला आणि त्याच्यासोबत विषयच गेला.

## बेडूकच का निवडला होता?

त्याला कारणं होती. बेडकाला पाठीचा कणा असतो, त्यामुळे यकृत, जठर, मूत्रपिंड, फुप्फुस हे आपल्यात असलेले अवयव त्याच्यातही सापडतात. तो ट्रेमध्ये मावतो. पोटावरची कातडी खालच्या स्नायूंना फार थोड्या जागी चिकटलेली असते, त्यामुळे नवशिक्या हातालाही ती सहज सुटते. आणि आपल्याकडे पाऊस पडला की बेडूक फुकट मिळत.

बेडकाचं हृदय तर शिकवायला फार सोयीचं. आपल्या हृदयाला चार कप्पे असतात, वर दोन अलिंदं आणि खाली दोन निलयं. अलिंद म्हणजे रक्त घेणारा कप्पा, निलय म्हणजे रक्त ढकलणारा. बेडकाला अलिंदं दोन, पण निलय एकच. एका शेततळ्यात दोन चाऱ्या येऊन पडतात, एकीचं पाणी नितळ आणि दुसरीचं गढूळ, अशी कल्पना करा. बेडकाच्या निलयात तसंच फुप्फुसांकडून आलेलं प्राणवायूयुक्त रक्त आणि शरीरातून परत आलेलं रक्त एकत्र येतं. ते पुरतं मिसळत नाही. निलयाच्या आतल्या स्नायूंच्या उंचवट्यांमुळे आणि पुढच्या नळीतल्या पडद्यामुळे दोन्ही प्रवाह बरेचसे वेगळे राहतात. शिवाय बेडूक ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे शरीराकडून येणाऱ्या काही रक्तातही प्राणवायू असतोच. एक निलय हा त्याच्यात दोष ठरत नाही. पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे जगणाऱ्या प्राण्याला ती व्यवस्था पुरते.

जुन्या विद्यार्थ्यांच्या मनात घर करून बसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे बेडूक मेल्यावरही धडधडणारं हृदय. अनेकांना वाटलं की बेडूक जिवंतच होता. काहींची ती टोचणी आयुष्यभर गेली नाही. खरं कारण असं, की हृदयाचा ठोका मेंदूच्या हुकमावर चालत नाही. हृदयातच काही पेशींचा एक पुंजका असतो, तो ठरावीक अंतराने विजेचा बारीक इशारा देतो आणि स्नायू आकसतात. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. म्हणून शरीराबाहेर काढलेलं बेडकाचं हृदयही योग्य क्षारांच्या पाण्यात बराच वेळ चालू राहतं. माणसाच्या हृदयातही हीच रचना आहे. ती बिघडली की छातीत पेसमेकर बसवावा लागतो.

विज्ञानाने बेडकाकडून फार काही घेतलं आहे. इटलीत लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर केलेले प्रयोग 1791 साली प्रसिद्ध केले. त्यातून निघालेल्या वादामुळे व्होल्टा यांनी 1800 साली पहिली बॅटरी बनवली. ऑटो लोवी यांनी 1921 साली बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाचा ठोका मज्जातंतूद्वारे मंद केला आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्यावर सोडला. दुसरंही मंद झालं. मज्जातंतू रसायन सोडून निरोप देतात, याचा तो पुरावा होता. त्यासाठी लोवी यांना 1936 चं नोबेल मिळालं. पण त्या प्रयोगांची उत्तरं तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हती. पुस्तकात छापून आलेलं उत्तर पुन्हा एकदा पाहण्यासाठी दरवर्षी नवे बेडूक मारणं हे वेगळं.

## मग बंद का झालं?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. त्याचं सतरावं कलम प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल आहे. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती अशा साधनांनी तेवढंच शिकवता येत असेल, तर महाविद्यालयं आणि तत्सम ठिकाणी प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, असं ते सांगतं. केवळ हाताला सवय व्हावी म्हणून होता होईल तो प्रयोग करू नयेत, असंही त्यात आहे. माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी या कायद्याच्या व्याख्येत बसतो. हे कलम कित्येक वर्षं कागदावरच होतं. शाळांमधून विच्छेदन हळूहळू मागे पडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 साली ते कमी करण्याच्या सूचना काढल्या आणि 2014 साली प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ते पूर्ण थांबवायला सांगितलं.

दुसरं कारण बेडकांचं स्वतःचं आहे. प्रयोगशाळेत लागणारे बेडूक कुणी पाळलेले नसत. ते ओढ्या-नाल्यांतून, शेतांतून, बहुतेक पावसाळ्यात पकडून आणत. पावसाळा हाच त्यांचा विणीचा हंगाम. मराठवाड्यातला मोठा बुलफ्रॉग उन्हाळाभर जमिनीत गाडून घेऊन दडून राहतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्यांत नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. अंडी घालण्याआधी नेमके तेव्हाच ते पकडले जायचे. त्यात परदेशी ताटांत जाणाऱ्या बेडकांच्या तंगड्यांची निर्यात होती. तिच्यामुळे इतके बेडूक गेले की भारताने 1987 साली ही निर्यातच बंद केली. पिकावरचे किडे खाणारा प्राणी शेतातून उचलून न्यायचा आणि मग फवारणीवर खर्च करायचा, यात शेतकऱ्याचा तोटाच होता.

तिसरं कारण मुलांच्या तब्येतीचं. अवयव सडू नयेत म्हणून वापरलं जाणारं फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचं पाण्यातलं तीव्र द्रावण. फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली जाहीर केलं. खिडक्या बंद असलेल्या प्रयोगशाळेत चाळीस मुलं त्या वासात उभी करणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आणि वेदना. बेडकाला ती होते. क्लोरोफॉर्मच्या बरणीत तो शांतपणे झोपी जायचा, अशी समजूत होती. बरणीतून लवकर काढलेला बेडूक ट्रेमध्ये हालचाल करताना पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा.

## "डॉक्टर व्हायचं आहे, हात कसा बसणार?"

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. डॉक्टरचा हात बेडकावर कधीच बसत नव्हता. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी माणसाच्या मृतदेहाचं विच्छेदन करतात आणि ते आजही चालू आहे. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असो की नांदेड, लातूर, संभाजीनगरची महाविद्यालयं, तिथे यांतले अनेक देह देहदानातून येतात. त्यासाठी आपल्या राज्यात शरीररचनाशास्त्राचा 1949 चा स्वतंत्र कायदा आहे. अनेक महाविद्यालयांत पहिल्या दिवशी विद्यार्थी त्या देहासमोर उभे राहून आदराने वागण्याची शपथ घेतात. आपल्या भागातल्या ज्या माणसांनी मरणानंतर आपलं शरीर या मुलांच्या हाती दिलं, त्यांचे उपकार बेडकाच्या आठवणींत झाकले जाऊ नयेत.

प्राण्यावरून माणूस शिकण्यात धोकाही आहे. रोमन काळातला वैद्य गॅलेन माकडं, डुकरं, बैल चिरायचा, कारण माणसाचं शरीर उघडण्याची मुभा नव्हती. मेंढ्या-बैलांच्या मेंदूखाली रक्तवाहिन्यांचं एक दाट जाळं असतं. ते माणसातही आहे, असं त्याने लिहून ठेवलं. माणसात ते नसतं. तरीही तेराशेच्या वर वर्षं वैद्य तेच शिकत राहिले. 1543 साली वेसालियस यांनी स्वतः माणसाचे देह उघडून केलेला अभ्यास छापला, तेव्हा गॅलेनच्या अशा कित्येक चुका बाहेर पडल्या. ग्रंथात लिहिलंय म्हणून न मानता स्वतः पाहायचं, हा धडा तिथून घ्यावा.

## "मोबाइलवर सगळं दिसतं ना आता?"

बरंच दिसतं, आणि ते टाकाऊ नाही. संगणकावर बेडकाचं विच्छेदन पुन्हा पुन्हा करता येतं, चुकलं तर मागे जाता येतं. अवयवांची नावं, जागा आणि क्रम यांची उजळणी करायला ते उत्तम. परीक्षेच्या गुणांपुरतं पाहिलं तर अशा पद्धतीने शिकलेली मुलं बहुधा मागे पडत नाहीत.

पण पडद्यावरचं प्रत्येक हृदय सारखंच असतं. धमनी लालभडक आणि शीर निळी रंगवलेली, प्रत्येक अवयवाच्या भोवती स्वच्छ रेघ. खऱ्या शरीरात रंग एकमेकांत मिसळलेले असतात, चरबी मध्ये येते, नस समजून उचललेला धागा भलताच निघतो. धमनीची भिंत जाड आणि ताठ, शिरेची पातळ आणि लुळी, हा फरक बोटाला एकदा कळला की पुन्हा पाठ करावा लागत नाही. चित्रफीत तो बोटापर्यंत पोचवू शकत नाही. आणि ज्या शाळेत दुपारी वीज जाते, तिथे तर हा पर्यायही अर्धाच.

## खाटकाच्या दुकानातून प्रयोगशाळेत

आपल्या बाजारपेठेत रोज बकरे आणि कोंबड्या खाण्यासाठी कापल्या जातात. त्यांचे काही अवयव कमी भावात विकले जातात, काही फेकले जातात. शिकण्यासाठी एकही जीव जादा न मारता ते मिळतात.

बकऱ्याचं हृदय घ्या. दुकानात 'दिल' मागावं, काळीज मागितलं तर यकृत बांधून देतील. वरच्या नळ्या छाटू नका, एवढं आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण खाटीक त्या सवयीने काढून टाकतो आणि त्याच तर पाहायच्या असतात. रक्त धुऊन हृदय ट्रेमध्ये ठेवलं की आधी दाबून पाहायला सांगा. एक बाजू मऊ लागते, दुसरी घट्ट. घट्ट बाजू डावी. उजवं निलय रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलतं, डावं पार खुरापर्यंत, म्हणून डावीकडची भिंत कितीतरी जाड. आडवा छेद घेतला की हे उघड दिसतं.

मग वरची अलिंदं कापून बाजूला करा आणि डाव्या निलयात वरून पाणी ओता. निलय बाहेरून हलकेच दाबलं की आतले पातळ पडदे वर येऊन तोंड बंद करतात. ही झडप. तिला खालून पांढऱ्या बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या भिंतीवरच्या स्नायूंना जोडलेल्या असतात. रक्ताच्या दाबाने झडप उलटी फिरू नये म्हणून ही सोय. डॉक्टर "व्हॉल्व्ह खराब आहे" म्हणतात, तो हा. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर काहींना ताप येतो, सांधे धरतात आणि त्या तापात कधी कधी ह्याच झडपेला इजा होते. मुलांना हे इथे सांगितलं तर ती घरी जाऊन सांगतात.

आता महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यांत जाड नळीत, वरून डोकावा. तिच्या बुडाशी तीन खिशांसारखे पडदे दिसतील आणि त्यांच्या लगेच वर बारीक छिद्रं. हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या धमन्या तिथून निघतात. गावातल्या कुणाची तरी अँजिओग्राफी झालेलीच असते. ह्या धमन्यांच्या त्या तपासणीत मनगटातून किंवा मांडीतून घातलेली बारीक नळी ह्या छिद्राशी पोचवतात. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न इथे येतात आणि ते परीक्षेचे नसतात, घरचे असतात.

बकऱ्याचा डोळाही अमूल्य आहे. बाहेरचं पांढरं आवरण चिवट असतं, त्यामुळे पहिला काप शिक्षकानेच द्यावा. आतून पाणी आणि पारदर्शक जेली निघते. मग काचेच्या गोटीसारखं भिंग हाती येतं. ते वर्तमानपत्रावर ठेवलं की अक्षरं मोठी दिसतात. हेच भिंग गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणतात आणि आजीच्या डोळ्यातून तेच काढून दुसरं बसवतात. मागच्या भिंतीवर निळसर-हिरवी चमकती झिलई दिसते. रात्री बॅटरीच्या उजेडात शेळीचे डोळे चमकतात ते हिच्यामुळे. माणसाच्या डोळ्यात ही झिलई नसते, आणि हे मुलांना आवर्जून सांगायचं, नाहीतर गॅलेनची चूक आपल्या वर्गात होईल.

कोंबडीच्या पायाला तर सुरीचीही फारशी गरज नाही. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या दोऱ्या दिसतात, त्यांतली जाड दोरी चिमट्याने ओढली की बोटं मिटतात. यांना स्नायुबंध म्हणतात. मग मुलांना एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट ते कोपर धरून बोटं हलवायला सांगा. हालचाल तिथे जाणवते, कारण बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच.

जायकवाडीच्या बाजूला रोहू, कटला सहज मिळतात. माशाचं हृदय दोन कप्प्यांचं. मासा आणि बकरा शेजारी ठेवून मधल्या तीन कप्प्यांसाठी बेडकाची प्रतिकृती ठेवली, की वर्षभर पाठ करूनही न उमगलेला क्रम मुलांना एका तासात दिसतो.

## "हेही प्राणीच ना? मग फरक काय पडला?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि उत्तरही तसंच द्यायला हवं. बकऱ्याला बेडकापेक्षा कमी वेदना होते, असं कुणी म्हणू शकत नाही. फरक कारणाचा आहे. प्रयोगशाळेने बेडूक मागवला नसता तर तो डबक्यात राहिला असता. शाळेने हृदय विकत घेतलं नाही म्हणून बकरा वाचत नाही, तो मांसासाठी कापलेलाच असतो. मांसाहारच चुकीचा, असं ज्यांना वाटतं त्यांचा आक्षेप यानेही मिटत नाही. मला तो आदराने ऐकावासा वाटतो, आणि अशा मुलावर कुठल्याही शिक्षकाने जबरदस्ती करू नये. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 1988 सालीच विद्यार्थ्याला विच्छेदन नाकारण्याचा हक्क कायद्याने दिला. आपल्या वर्गात तो हक्क कायद्याची वाट न बघता देता येतो.

## माळकरी घरातल्या मुलांचं काय?

मराठवाड्यात वारकरी, लिंगायत, जैन घरं भरपूर. त्यांच्या मुलांना कोपऱ्यात बसवून वही लिहायला लावणं मला अजिबात मान्य नाही. त्यांच्यासाठीही उघडून पाहायला शेतभर आहे, आणि ते सगळ्या वर्गाने करावं.

कपाशीचं फूल घ्या. उभा छेद घेतला की पुंकेसरांची नळी आणि तिच्या आतून गेलेली परागवाहिनी दिसते. खाली अंडाशय, आत कप्पे आणि कप्प्यांत बीजांडं. जास्वंद आणि भेंडी याच कुळातली. तिन्ही शेजारी ठेवली की नातं सांगावं लागत नाही. पुढे हिरवं बोंड उघडा. गुलाबी बोंडअळी शोधण्यासाठी शेतकरी हिरवी बोंडं फोडून पाहतो, ते विच्छेदनच. बाहेरून बोंड निरोगी दिसतं, कारण अळी लहान असताना शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. म्हणून उघडल्याशिवाय कळतच नाही. न उमलता पाकळ्या एकमेकींत गुंडाळून राहिलेली डोमकळी उघडून आतली अळी दाखवणारी मुलगी कीटकाचं जीवनचक्र पुस्तकापेक्षा बरं समजून सांगते.

सोयाबीनचं रोप फुलोऱ्यात असताना मातीसकट हलकेच उपटा, मुळं धुवा. बारीक गाठी दिसतील. एक गाठ ब्लेडने अर्धी करा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर त्यातले जिवाणू काम करतायत, हवेतला नायट्रोजन पिकाला देतायत. हिरवट किंवा करडी निघाली तर गाठीचं काम थांबलेलं आहे. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते भावंडच, आणि तेही प्राणवायूच धरून ठेवतं. वनस्पतीत रक्ताच्या जातीचा रंग सापडतो, हे पाहून मुलं थक्क होतात. मी अजूनही होतो.

## करायचं ठरवलं तर

आधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती घ्या. न विचारता केलं तर चांगल्या कामावरही गावात वाद होतो. उपवासाचे, सणाचे दिवस टाळा. अवयव त्याच दिवशीचे ताजे घ्या, फॉर्मेलिन वापरूच नका. सगळ्यांनी हातमोजे घालावेत आणि हाताला जखम असलेल्या मुलाने फक्त पाहावं. शेळ्यांमधून माणसाला होणारा ब्रुसेलोसिस नावाचा आजार आहे, त्यामुळे गर्भाशय किंवा गर्भाचे भाग शाळेत आणू नयेत. ब्लेड मोजून द्या, मोजून परत घ्या. फुप्फुस फुगवून दाखवायचं असेल तर सायकलचा पंप वापरा, तोंड लावू देऊ नका. काम झाल्यावर टेबलं ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा, हात साबणाने धुवा, आणि उरलेले अवयव कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरा.

एखाद्या मुलाला भोवळ येते. ते भित्रेपण नाही. रक्त पाहून काही जणांचा रक्तदाब एकदम खाली येतो. त्याला आडवं झोपवून पाय वर करावेत, हसू नये, आणि बरं वाटल्यावर पुन्हा टेबलापाशी यायचं की नाही ते त्यालाच ठरवू द्यावं.